मधल्या खोलीतले दिवे

तात्यासो मगदुमांच्या घरी कुणी आलं की राजमती आधी त्याचे हात बघायची. रिकाम्या हातानं आलेला माणूस चहा पिऊन जाणार आणि वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून आणलेला दुपारपर्यंत हलणार नाही, हे तिला अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. त्या गुंडाळीत व्हॉल्व्ह असायचा. जुन्या रेडिओत आणि ॲम्प्लिफायरमध्ये बल्बसारखी पेटणारी काचेची नळी असते ना, तो. ट्रान्झिस्टर आल्यावर जगानं व्हॉल्व्ह उकिरड्यावर फेकले आणि तात्यासोंनी ते उकिरड्यावरून उचलून घरात आणले. राजमती त्यांना दिवे म्हणायची. मनातल्या मनातच, तात्यासोंच्या कानावर गेलं असतं तर दिवसभर तोंड फुगवून बसले असते.

तंबू टॉकीज मोडली की तात्यासो तिथं हजर. स्टुडिओतलं आवाजाचं सामान भंगारात निघालं की भंगारवाल्याच्या आधी तात्यासो. गगनबावड्याच्या एका बंगल्यात जुना रेडिओ पडून कुजतोय असं कुणी सांगितलं, तर भर आषाढात एसटीनं गेले, भिजून आले आणि चार दिवस तापानं फणफणले. रेडिओ मात्र स्वेटरमध्ये गुंडाळून कोरडाठाक आणला. तो स्वेटर राजमतीच्या माहेरचा होता. पुन्हा तो अंगात घालण्याजोगा राहिला नाही, हे तिनं त्यांना सांगितलं नाही आणि त्यांच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता.

रेडिओ दुरुस्तीचं दुकान कधीच बंद पडलं. पण मग वारं उलटं फिरलं. व्हॉल्व्हच्या आवाजाला म्हणे वेगळीच गोडी असते, असं म्हणणारी हौशी मंडळी कुठून कुठून उगवली आणि लक्ष्मीपुरीच्या धान्यपेठेमागचा बोळ शोधत दोन जिने चढून यायला लागली. पुण्याचे यायचे, बेंगलोरचे यायचे. तात्यासो प्रत्येक व्हॉल्व्ह मशीनवर लावून तपासायचे, पेन्सिलीनं टिचकी मारून कानानं ऐकायचे आणि मगच द्यायचे. एकसारख्या दोन व्हॉल्व्हची जोडी जमवायला कधी दोन दोन दिवस घ्यायचे. तात्यांनी दिलाय म्हणजे बघायला नको, असं त्या मंडळींत बोललं जायचं. घरात ते चार शब्द बोलले तर त्यातले तीन मिठाबद्दल असायचे, पण या लोकांसमोर बसले की त्यांना थांबवावं लागे.

या सगळ्या खजिन्याला राजमतीचा हात लागायची बंदी होती. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात ती मधली खोली झाडायला गेली, तेव्हा तात्यासो दारातूनच म्हणाले होते, "त्यास्नी हात लावायचा न्हाय." बस्स. का, ते नाही. आमच्याकडच्या कर्त्या पुरुषांची ही एक जुनी खोड आहे. हुकूम द्यायचा आणि कारण खिशात ठेवायचं; बायकोला कारण सांगितलं तर जणू हुकमाचं वजन कमी होतं. राजमतीच्या हातून पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांची कपबशी फुटली होती. तिनं मनाशी जोडून टाकलं की आपण धांदरट, काचेच्या वस्तू आपल्या हाती द्यायच्या नाहीत, म्हणून ही बंदी. ते जोडलेलं तिनं अठ्ठेचाळीस वर्षं सांभाळलं.

एकदाच तिनं त्या खोलीच्या कारभारात लक्ष घातलं होतं. व्हॉल्व्ह ठेवायला बरे म्हणून तात्यासोंनी कुठूनसे अंड्यांचे रिकामे ट्रे आणले होते. जैनाच्या घरात अंड्यांचे ट्रे! शेजारच्या आक्कानं ते जिन्यात बघितले आणि दुपारपर्यंत बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, बातमी पोचली. राजमती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती कबनूरला माहेरी गेली आणि भावाच्या मागाच्या शेडमधून कांड्या ठेवायचे लाकडी खोके घेऊन आली, खणाखणांचे, चाळीस. सूत गुंडाळायच्या कांडीच्या खणात व्हॉल्व्ह अगदी मापानं बसला. तात्यासोंनी खोके बघितले, "बरं हाय" म्हणाले आणि कामाला लागले. त्यांच्याकडून मिळालेलं तेवढं एक प्रशस्तिपत्र तिनं पुढं कितीतरी वर्षं पुरवून वापरलं.

त्या खोक्यांत सगळे मिळून अठ्ठावीसशे व्हॉल्व्ह होते. उघडेच, पुठ्ठ्याच्या डबीशिवाय. कुठल्या खोक्यात काय, याची यादी नव्हती, चिठ्ठी नव्हती. तात्यासोंना यादी कशाला लागते? चष्मा न लावता हात घालायचे आणि हवा तो काढायचे. धूळ उडवायला डॉक्टरांचा रबरी फुगा होता, त्यानं फुस फुस करून हवा मारायचे. राजमतीला वाटायचं, एवढा माणूस, आणि धूळ झाडायला फडकं वापरावं हे याला कळू नये.

चौदा महिन्यांपूर्वी तात्यासोंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी जिनेंद्रला, म्हणजे मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं की समजही फारशी उरलेली दिसत नाही, लहान मूल समजा आणि तसं सांभाळा. राजमतीनं तसंच सांभाळलं. मऊ भात कालवून ती त्यांना घास घास भरवायची, दुसऱ्या कुणाच्या हातून ते खात नसत. डाव्या हाताशी स्टीलचा पेला ठेवलेला असायचा, काही लागलं की ते तो कॉटच्या दांडीवर आपटायचे. एकदा आपटला की पाणी, पाण्यानं भागलं नाही की लघवीचं भांडं, तेही नको असलं की कूस बदलायची. या तीन गोष्टींपलीकडं लहान मुलाला आणखी काय लागणार?

आणि अशात मोडकळीला आलेली ही बिल्डिंग पाडायची तारीख आली. रविवारी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. जिनेंद्रनं फुलेवाडीत फ्लॅट घेतला होता, त्यात आईवडलांसाठी एक खोली होती आणि त्या खोलीत कॉट टाकल्यावर चालायला हातभर जागा राहत होती. चाळीस खोके कुठं ठेवणार? जिनेंद्र वाईट मुलगा नव्हता. त्यानं वर्षभर गिऱ्हाईक शोधलं होतं. पुण्याहून एक गृहस्थ आलेही होते. ते मधल्या खोलीच्या दारात उभे राहिले, नाकाला रुमाल लावला, एका व्हॉल्व्हवरून बोट फिरवून बोटाची धूळ बघितली आणि म्हणाले, हे तर सगळं भंगार आहे. तात्यासोंच्या कॉटपासून चार पावलांवर उभं राहून म्हणाले. राजमतीच्या ते काळजात जाऊन रुतलं.

आता गुरुवारी बेंगलोरचा अनेकांत उपाध्ये येणार होता. मूळचा निपाणीचा, ॲम्प्लिफायर बनवायचा, दहा वर्षांपूर्वी तात्यासोंकडं आठवडाभर शिकायला येऊन राहिलेला. माल चांगला असेल तर सगळा नेतो, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. सगळा, आणि जाणत्या हातात. राजमतीला दुसरं काही नको होतं. नवऱ्यानं जन्मभर जमवलेलं कुणीतरी कदर करून घेऊन जातंय हे त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं, म्हणजे त्यांनी सुखानं डोळे मिटावेत, एवढाच तिचा हिशोब होता. आणि ते धुळीपायी हुकू द्यायचं नाही, हे तिनं सोमवारी सकाळी ठरवलं.

हात लावायचा नाही हे तिला आठवत होतं. पण बंदी घालणारा माणूसच अंथरुणाला खिळलेला, आणि हात आता कपबशी फोडणारे राहिले नव्हते. बस्तीतली पूजेची उपकरणी तीस वर्षं राजमतीनंच उजळली होती. पर्युषण जवळ आलं की बायका म्हणायच्या, चांदीचा कलश राजाक्काकडंच द्या, तिच्यासारखा हात कुणाचा नाही. त्याच हातांनी ती कामाला लागली. पाणी दोनदा गाळून घेतलं, कोमट केलं, त्यात रिठे भिजवले. तात्यासोंच्या जुन्या धोतराचं मऊ सुती फडकं फाडलं. एका फडक्यानं ओलं पुसायचं, दुसऱ्यानं कोरडं करायचं, उजेडात धरून बघायचं आणि खणात ठेवायचं.

खोके तिनं मुद्दाम बाहेरच्या खोलीत, कॉटजवळ आणून मांडले. त्यांना दिसू दे, म्हणाली. जीव रमेल.

पहिलाच व्हॉल्व्ह पुसला तशी काच अशी लखलखली की तिला स्वतःशीच हसू आलं. फडक्याला काळी धूळ आली, मागून थोडं पांढरट, पिवळट काहीतरी आलं. वर्षानुवर्षांचा मळ, तिनं पिळून टाकला. काचेवर पुसटशी इंग्रजी अक्षरं होती खरी. पण बल्बवरही असतात की, ती कोण वाचतं? कंपनीची जाहिरात. तात्यासोंनी तरी कधी वाचलेली तिनं बघितली नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या व्हॉल्व्हला तात्यासोंनी पेला आपटला. तिनं पाणी पाजलं. पुन्हा आपटला. भांडं दिलं, नको होतं. कूस बदलली. भिंतीकडं तोंड झालं तसा त्यांनी घशातून आवाज काढला, तेव्हा पुन्हा इकडं वळवलं. ती फडकं घेऊन बसली की पेला सुरू. सोमवार असा गेला. मंगळवारी तर त्यांनी कहरच केला. ठण ठण ठण, खालच्या मजल्यावरून माणूस बघायला आला. तिनं कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. पाण्याची वाटी तोंडाशी नेली तर डाव्या हातानं उडवून लावली, पाणी तिच्या मांडीवर आणि पुसलेल्या व्हॉल्व्हवर सांडलं. तेव्हा राजमतीचाही तोल गेला. तिनं त्यांच्या हातातून पेला सोडवून घेतला आणि खिडकीत नेऊन ठेवला.

"आता गप पडा बघू," ती म्हणाली. "तुमचंच काम चाललंय न्हवं?"

मग ते खरंच गप झाले. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत राहिलं. ते झटका आल्यापासून येतच असे. तिनं मधूनमधून पदरानं टिपलं आणि बुधवारी दिवस मावळायच्या आत शेवटचा खोका संपवला. बोटांना रिठ्यानं भेगा पडल्या होत्या, पाठ मोडून आली होती. पण चाळीसच्या चाळीस खोके खोलीभर चमकत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा राजमतीला त्या खजिन्याचा अभिमान वाटला.

गुरुवारी अकराच्या सुमाराला अनेकांत आला. आधी तात्यासोंच्या पायाशी वाकला, त्यांचा डावा हात हातात धरून बराच वेळ बसला. राजमतीनं शेंगदाण्याचे लाडू आणि चहा दिला. त्याची नजर सारखी खोक्यांकडं जात होती आणि तिला ते बघून बरं वाटत होतं. लाडू अर्धा टाकून तो उठला, म्हणाला, काकू, बघतो. खाली बसून त्यानं एक व्हॉल्व्ह उचलला, बोटांत फिरवला, ठेवला. दुसरा उचलला. मग दुसऱ्या खोक्यातला, मग पार कोपऱ्यातल्या खोक्यातला. खिशातून भिंग काढलं. राजमती चहाचा कप हातात धरून उभी होती. माणूस खुळावला बघा, असं तिच्या मनात आलं.

"काकू," तो मान वर न करता म्हणाला, "ही पुसली कुणी?"

"मीच की. तीन दिवस बसलेतो."

त्यानं आणखी एक व्हॉल्व्ह भिंगाखाली धरला. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिनं पुन्हा सांगितलं, गाळलेलं पाणी, रिठे, धोतराचं मऊ फडकं. एकही फुटला न्हाय, मोजून बघा. अनेकांतनं भिंग खिशात ठेवलं आणि फरशीवर मांडी घातली. मग त्यानं समजावून सांगितलं, हळू आवाजात, जसं दवाखान्यात सांगतात. व्हॉल्व्हवरची अक्षरं म्हणजे त्याचा नंबर. जुन्या काळची ती शाई कच्ची, ओलं बोट लागलं तरी जाते. नंबर गेला की तो कुठला, कितीवर चालवायचा, काही कळत नाही. चुकीच्या मशीनला लावला तर जळून जातो. आतल्या तारांच्या बांधणीवरून ओळखणारी माणसं असतात, पण फार थोडी. त्याला स्वतःला चाळीस-पन्नास ओळखता येतील, काहींच्या बुडाला कोरलेली खूण असते ते धरून. बाकीचे विकत घेणारा जगात कुणी मिळायचा नाही, कारण नंबर नसलेला व्हॉल्व्ह बनावट असू शकतो. आणि सगळे घरी नेऊन एकेक तपासत बसायला त्याच्याकडं ना जागा होती, ना तेवढी विद्या.

राजमतीनं हातातला कप खाली ठेवला.

"तुमाला कुणी सांगितलं हे?" तिनं विचारलं.

"तात्यांनीच की, काकू. पहिल्याच दिवशी. व्हॉल्व्हला ओलं फडकं लावायचं न्हाय, नुसती हवा मारायची. सगळ्यांना पहिल्यांदा हेच सांगायचे."

"सगळ्यांना."

"व्हय."

"मला न्हाय सांगितलं," राजमती म्हणाली.

तिचा आवाज असा आला की अनेकांतला तिच्याकडं बघवेना. तो गडबडीनं उठला आणि म्हणाला, काकू, एक करून बघू. त्यानं खुणेवरून स्वतःला खात्रीनं ओळखू आलेला एक व्हॉल्व्ह घेतला, तात्यासोंच्या डाव्या हातात दिला आणि कॉटजवळ गुडघ्यावर बसला. म्हणाला, तात्या, मी नंबर म्हणत जातो, बरोबर आला की बोट उचला. राजमतीला त्याची कीव आली. लहान मुलासारख्या माणसाला हा काय विचारत बसलाय. त्यानं सावकाश म्हणायला सुरुवात केली. सिक्स व्ही सिक्स. एट ओ सेव्हन. ईसीसी एटी-थ्री. तात्यासो व्हॉल्व्हकडं बघत होते. ईएल थर्टी-फोर म्हणताच त्यांनी बोट उचललं.

 व्हॉल्व्ह त्याच नंबरचा होता. योगायोग असेल म्हणून अनेकांतनं खुणेचा दुसरा दिला आणि मुद्दाम खरा नंबर बारावा घेतला. अकरा नंबर होईपर्यंत बोट हललं नाही. बाराव्याला उचललं. तिसऱ्याला मात्र फार वेळ लागला. तात्यासोंचा श्वास चढला, कपाळावर घाम आला, हात थरथरून व्हॉल्व्ह गादीवर पडला. दोन व्हॉल्व्ह आणि अर्धा, यात पाऊण तास गेला होता. अठ्ठावीसशेंचं गणित कुणालाच करायची गरज पडली नाही, आणि रविवार तीन दिवसांवर होता. अनेकांत डोळे पुसत म्हणाला, सगळं शाबूत आहे हो आत, सगळं कळतंय त्यांना.

तो आनंदानं बोलला. चौदा महिन्यांत कुणी दिली नव्हती अशी चांगली बातमी आपण देतोय, असं त्या भल्या माणसाला वाटलं. राजमती मात्र मागचे दिवस मोजायला लागली. सगळं कळतंय. म्हणजे सोमवारी कळत होतं. मंगळवारी कळत होतं. पाणी नको होतं, भांडं नको होतं, कूसही बदलायची नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच कॉटला लावून, त्यांच्याच धोतराच्या फडक्यानं ती एकेक नंबर पुसत होती, आणि तो माणूस अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून तिला थांब म्हणत होता. आणि तिनं त्यांच्या हातातला पेला काढून घेतला होता. तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

अनेकांत त्रेचाळीस व्हॉल्व्ह घेऊन गेला. जाताना तिच्या पाया पडला आणि म्हणाला, तुमचा काही दोष नाही, काकू. लोकांना वाटतं असं म्हटल्यानं मन हलकं होतं. राजमती दार लावून आली आणि कॉटच्या कडेला बसली. रडावं असं तिला वाटत होतं, पण आला तो संताप. तात्यासोंवर आवाज चढवायची तिला सवय नव्हती, म्हणून तो खालच्या पट्टीतच निघाला.

"बेंगलोरच्याला सांगितलासा," ती म्हणाली. "जिन्यातनं चढून आलेल्या सतरा जणांस्नी सांगितलासा. मी काय परकी हुतो? अठ्ठेचाळीस वर्सांत येकदा, येकदा सांगायचं की ओ, का हात लावायचा न्हाय ते."

तात्यासोंनी डोळे उघडले नाहीत. सांगायचं म्हटलं तरी आता ते कशानं सांगणार होते?

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, ती नेहमीसारखी भात कालवून घेऊन गेली. घास ओठांशी नेला. ओठ मिटलेले. तिनं थोडं थांबून पुन्हा नेला, गालाला हात लावला, आण्णांची शपथ घातली, म्हणजे सासऱ्यांची, जी ते कधी मोडत नसत. ओठ उघडले नाहीत. सूर्य बुडाला, दिवस मावळल्यावर जैनाघरी जेवण नाही, म्हणून तिनं ताट झाकलं. शुक्रवारी सकाळी तेच. दुपारी जिनेंद्रची बायको, दीपा, बँकेतून अर्धी सुट्टी टाकून आली, तिनं वाटी हातात घेतली आणि त्यांनी मुकाट तोंड उघडलं. दीपाला आनंद झाला. पंधरा-वीस घास खाल्ले म्हणून तिनं सासूला हाक मारून सांगितलं.

तो राग होता, की तिला थांबवता आलं नाही याची लाज होती, की जन्मभर न बोलल्याचं ओझं, हे सांगायला त्यांच्याकडं वाचा नव्हती आणि बाकीच्यांचे तर्क ते बाकीच्यांचे. राजमतीपुरतं एवढंच खरं होतं की ज्या माणसाला कुणाच्या हातचं चालत नव्हतं, त्याला आता फक्त तिच्या हातचं चालत नव्हतं.

रविवारी सामान हललं. जिनेंद्रनं भंगारवाल्याला विचारलं, तो म्हणाला, काचेला भाव न्हाय, लाकडी खोके तेवढे द्या. मग हमालांनी खोके पोत्यांत पालथे केले आणि पोती खाली नेऊन कचऱ्याच्या गाडीत टाकली. व्हॉल्व्ह फुटताना साधी काच फुटल्यासारखा आवाज येत नाही. आत हवा नसते, त्यामुळं फट्, फट् असे बार निघतात. जिन्याच्या प्रत्येक खेपेला खालून ते ऐकू येत होते. वर्षभर जिनेंद्रनं खोक्यांचा विषय काढला की राजमती भांडायची. त्या दिवशी तिनं हमालांना वाट करून दिली. तात्यासोंना खुर्चीत बसवून खाली आणलं तेव्हा गाडी अजून बोळाच्या तोंडाशी होती. त्यांनी तिकडं बघितलं, मग समोर बघितलं.

फुलेवाडीच्या फ्लॅटला आता तीन महिने झाले. खोलीत उजेड चांगला येतो. तात्यासोंची कूस राजमतीच बदलते, अंग तीच पुसते, कपडे तीच बदलते. ते सगळं ते करू देतात, कपाटाकडं बघत. जेवणाची वेळ झाली की ती वाटी भरून दीपाच्या हातात देते आणि दाराच्या बाहेर, त्यांना दिसणार नाही अशी उभी राहते. सुरुवातीला दीपाला अवघडल्यासारखं व्हायचं. आता सवय झाली. संध्याकाळी बँकेतून येऊन हातपाय धुते न धुते तोच ती त्यांना भरवायला बसते, थोडी घाईनं, कारण दिवस मावळायच्या आत आटपायचं असतं.

"दीपा, भात अजून मऊ कर," राजमती दाराआडून हळूच सांगते. "मोठा घास दिऊ नको, त्यास्नी ठसका लागतोय."